सगळी गरमी बाहेर

होळी झाली की आमच्या डक्टला कंठ फुटतो.

डक्ट म्हणजे इमारतीच्या दोन विंगांच्या मधली चौकोनी पोकळी. खाली सांडपाण्याचे पाइप, वर चतकोर आभाळ, आणि तीन भिंतींवर स्वयंपाकघरांच्या नि बाथरूमच्या खिडक्या. चौथी भिंत नुसती पाइपांची. भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्यासारख्या जुन्या इमारतींचा हा सगळा कारभार त्या पोकळीत चालतो. थंडीत ती गप्प असते. कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा तरी खोकला, एवढंच. मग मार्च उजाडतो आणि एका दुपारी एसीचा पहिला आउटडोअर सुरू होतो. घर्रर्र. मग दुसरा. आठवड्याभरात मजल्यामजल्यावरचे ते पांढरे खोके एका सुरात घरघरायला लागतात. यंदा परवा तो आवाज आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात तिथेच थांबला. दरवर्षी थांबतो. लोकांना त्या आवाजानेच गार वाटत असेल, मला मात्र नाही.

तीन उन्हाळे झाले त्याला. कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं कुणाला, आणि काय म्हणून? पोलिसांत द्यावा असा गुन्हा नाही, देवळात जाऊन फिटावं असं पापही नाही. आम्ही एसी घेतला, एवढंच झालं.

मी ब्लाउज शिवते. गिरगावातली चाळीतली खोली सोडून भाईंदरला आलो तेव्हा लोक म्हणाले, इतक्या लांब तुझ्याकडे कोण येणार. आता लग्नसराईत मला मान वर करायला फुरसत नसते. आमचे हे विमानतळावर मालाच्या विभागात, कायमची रात्रपाळी. म्हणजे आमच्या घरी रात्र होते ती सकाळी नवाला. बेडरूम पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर त्या भिंतीला पाठ टेकवून बघावी, चटका बसतो. पंखा फिरवतो तो गरम वाराच. ओला पंचा अंगावर टाकून हे कूस बदलत पडायचे आणि संध्याकाळी उठायचे ते लाल डोळ्यांनीच. मग एकदा कामावर उभ्या उभ्या डोळा लागला आणि खोकं पायावर पडता पडता वाचलं. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि गोळी लिहून देता देता म्हणाले, "गोळीने होणार नाही. या माणसाला झोप पाहिजे. नाहीतर एक दिवस झोपतील ते उठणार नाहीत." असं तोंडावर सांगतात का कुणाला? पण त्यांनी सांगितलं. म्हणून एसी. हौस म्हणून नव्हे, हे मी आजही स्वतःला बजावत असते.

घ्यायचा हे ठरवायला दोन उन्हाळे गेले, निवडायला एक दुपार पुरली. केबिन रोडवर लग्नाच्या खरेदीची झुंबड, रिक्षांचे हॉर्न, आंब्याच्या पेट्या, पायाखाली कोयी. त्या दुकानाचं काचेचं दार ढकलून आत गेलो आणि असं वाटलं की इथेच एक चटई टाकावी. विकणारा माणूस मोठा गोड बोलत होता. खोली किती बाय किती? मी म्हटलं, दहा बाय दहा, त्यात पलंग, कपाट नि माझं मशीन. ऊन कुठून येतं? माळा कितवा? माणसं किती झोपतात? खिडकीला पडदा जाड आहे का? मी मनात म्हटलं, लेकीसाठी जावई बघायला गेलो तेव्हा आम्ही इतकं विचारलं नव्हतं. पाऊण टनाचा स्वस्तात मिळत होता, पण तो म्हणाला, "नका घेऊ मॅडम. पश्चिमेची भिंत आहे. लहान मशीन बिचारं थांबणारच नाही, धाप लागेपर्यंत धावत राहील. एक टन घ्या, खोली गार करून गप्प बसेल." मला ते एकदम पटलं. यंत्राचीसुद्धा कीव करणारा माणूस.

खरं तर मला विंडो एसी हवा होता. रस्त्याकडच्या खिडकीत ठोकला की काम झालं. पण आमच्या सोसायटीने त्याच वर्षी इमारतीला रंग काढला होता, पिवळा नि चॉकलेटी, आणि सेक्रेटरी दळवींनी जिन्यात नोटीस डकवली होती. दर्शनी भिंतीवर काहीही लावायचं नाही, एसीचे आउटडोअर फक्त डक्टमध्ये. तेव्हा स्प्लिट घेणं आलं. तो म्हणाला, "स्प्लिटच चांगला. आत कसला आवाज नाही, काही नाही. सगळा आवाज बाहेर, सगळी गरमी बाहेर."

बाहेर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. खोलीच्या आतलं त्याने सगळं विचारलं, मीही सगळं सांगितलं, अगदी झोपताना दार लावतो का तेसुद्धा. बाहेरचं त्यालाही सुचलं नाही आणि मलाही. बाहेर म्हणजे बाहेर. आपला केर जातो, सांडपाणी जातं, तिथे.

आमच्या बाहेर हिरामावशी राहत होती.

डक्टच्या पलीकडे, आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर तिची खिडकी. राई गावची बाई, खाडीकाठची. शेत नि घर दोन्ही बिल्डरकडे गेलं आणि भावांच्या वाटण्या होऊन हिच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली नि स्वयंपाकघर आलं. मुलगा नितीन टेम्पो चालवतो, वापी-सुरतच्या फेऱ्या, एकदा गेला की चार-चार दिवस येत नाही. मावशी एकटी. पण एकटेपणा तिला माहीतच नव्हता म्हणा ना. मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, आणि दुपारी स्वयंपाकघरात त्या खिडकीखाली चटई टाकून आडवी व्हायची. खालून वर जाणारी एक वाऱ्याची झुळूक असायची डक्टमध्ये, ती बरोबर तिला सापडली होती. "आमच्या रायच्या घरान वारा इचारून न्हाय यायचा गो," म्हणायची. "या दारानं शिरला का त्या दारानं भायेर. हितं कसा चोरावानी येतो. पन येतो."

सगळं बंद होतं त्या दिवसांत आमची गट्टी जमली. खाली उतरायची बंदी, मग तिच्या कपडे काढायच्या काठीच्या टोकाला पिशवी नि माझ्या काठीला आकडा. दोघींनी काठ्या पुढे केल्या की टोकं भिडत. त्या पिशवीतून काय काय गेलं-आलं. माझी साबुदाण्याची खिचडी, तिचं जवळ्याचं कालवण, बीपीच्या गोळ्या, सुईदोरा. आणि एक पळी होती तिची, पितळेची, खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेली. सकाळी चहा झाला की त्या पळीने गजावर दोनदा वाजवायची. टक टक. म्हणजे, उठलीस का? मी चमच्याने ओट्यावर दोनदा वाजवायची. उठले. दुपारी जेवणं झाली की पुन्हा, संध्याकाळीही. सगळं उघडलं, लोक कामाला लागले, तरी आमचं ते टक टक चालूच राहिलं. नितीनने त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे आणून ठेवली. "ताई, आई एकटी असते, असू द्या." आमची एक तिच्याकडे होतीच.

आता एसीवाला आला त्या दिवसाचं सांगते. पांढऱ्या दाढीचा पोक्त माणूस, कमरेला दोरी बांधून खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत होता. म्हणाला, "मॅडम, दो जगह है. साइड की पाइपवाली दीवार पे अँगल मारूँ तो हवा लेफ्टवाली खिडकी पे जाएगी. यहाँ आप के खिडकी के नीचे मारूँ तो सीधी सामने. किधर लगाऊँ?"

डावीकडची खिडकी दळवींची. सेक्रेटरी. त्यांच्या खिडकीवर आमचा गरम वारा गेला असता तर संध्याकाळच्या आत लेखी तक्रार, मग मीटिंग, मग चार लोकांत शोभा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. विचार करायला अर्धं मिनिटही लागलं नाही आम्हाला.

"सामनेही लगाओ," मी म्हटलं.

तो थोडा घुटमळला. "सामने कोई बोलेगा तो नहीं? पूछ लो एक बार."

"पूछने का क्या है? वो अपनी ही है. घर जैसी. वो कुछ नहीं बोलेगी."

मला हे वाक्य शब्दन्‌शब्द आठवतं. कुठल्या सुरात म्हणाले तेही. कौतुकानेच म्हणाले होते हो मी. मावशी आमची आहे, तिला विचारायचं म्हणजे तिला परकं करायचं, असं काहीतरी मनात होतं. परक्याला आपण विचारतो, घाबरून का होईना. आपल्या माणसाला विचारतच नाही. तिला जे सोसायला लावायचं ते हक्काने.

पहिल्या दुपारी आम्ही दोघं त्या खोलीत लहान पोरांसारखे बसून राहिलो. दार लावलं, पडदा ओढला, खाली फटीत जुनी चादर कोंबली. निळसर आकडे चमकत होते, चोवीस. हळूहळू भिंतीचा तापटपणा उतरला. ह्यांनी पांघरूण मागितलं. मे महिन्यात पांघरूण! पाच मिनिटांत घोरायला लागले. मी मशीन चालवलं तर जाग येईल म्हणून हातशिलाई घेऊन बसले, हूक, काजं, तुरपाई. बोटांना घाम नाही, सुई निसटत नाही, रेशमाला डाग नाही. बाहेर कुणाचा आवाज नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. आठवड्याभरात ह्यांच्या डोळ्यांतली लाली गेली, बीपी उतरलं, एकदा तर शीळ घालत दाढी केली. मी देवापुढे पेढे ठेवले. ते सुख खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला पुढचं सगळं नीट गिळता येत नाही.

स्वयंपाकघराची खिडकी मी दुसऱ्याच दिवशी लावून घेतली. आउटडोअर तिच्याच खाली होता, झोत समोर जायचा पण थोडी झळ आमच्याकडेही वळायची. म्हणजे बघा, झळ मला कळली होती. कडेकडेची, उरलीसुरली. तीसुद्धा मला सोसली नाही.

मावशीच्या खिडकीत डालड्याच्या डब्यात तुळस होती. चारेक दिवसांनी मी खिडकी जरा उघडून बघितलं तर आमच्या बाजूची पानं काळी पडलेली, पलीकडची हिरवी. मी म्हटलं, "मावशी, तुळशीला पाणी घाला की." ती हसली. "घालते गो. तुझा एसीचा डबा पितो." मग एके दिवशी गजांवर ओला टॉवेल दिसला. तासाभराने बघावं तो वाळून कडक. मग पुन्हा ओला. आणि एकदा, पिशवीतून कैऱ्या देताना, म्हणाली, "पोरी, तुझा तो डबा लय गरम फुकतो गो."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "मावशी, मे महिना आहे, सगळीकडेच गरम आहे."

"त्ये बी खरंच," ती म्हणाली. मग काठी आत ओढत, "तुझा मानूस झोपतो ना आता नीट?"

"अगदी घोरतात."

"मग झालं. मना काय गो, मी म्हातारी, कवा पन डोला लागतो."

एवढंच बोलली ती त्याबद्दल, सगळ्या उन्हाळ्यात एकदाच. बाकी तिने थट्टाच केली. आमच्या झोतासमोर दोरी बांधून तिने बोंबील नि जवळा वाळत घातला. "तुज्या डब्याम्होरं दोन तासांत कडक, उनाची गरज न्हाय!" मला दाखवून दाखवून हसत होती. मीही हसले. मासळी दोन तासांत सुकत होती तिथे आम्ही एका माणसाला दिवसभर ठेवलं होतं.

वासावरून दळवींनी नोटीस लावली. त्यात नाव नव्हतं, पण रोख कळत होता, आणि वर मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुमच्या एसीसमोर वाळवतात म्हणे, तुमची संमती असेल." मला इतका संताप आला! दळवींना बोलायची हिंमत नाही, मग तो निघाला तिच्यावर. मंगळवारी दुपारी खिडकी उघडून मी ताडताड बोलले. "मावशी, ते सुकट काढा आधी तिथून. सगळा वास एसीतून आमच्या खोलीत येतो. ह्यांची झोप मोडते." आउटडोअर वास आत ओढत नाही, हे मला नंतर कळलं. तिने दोरी सोडली, मासळी परातीत गोळा केली. चेहरा लालबुंद झाला होता तिचा, ओठ सुकलेले. मला वाटलं, रागाने.

त्या संध्याकाळी टक टक झालं नाही. मी म्हटलं, रुसली. बुधवारी सकाळीही नाही. तिची खिडकी लावलेली, काचा ओढलेल्या, एक बोटभर फट तेवढी. रुसू दे, म्हटलं, म्हातारीला फार लाडावून ठेवलंय आपण. गुरुवारी वाटलं, राईला गेली असेल. तिच्या भाच्याची हळद रविवारी होती, आणि त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी, आठवडाभर आधी बायका जमतात. मनाचं समाधान करायला कारण लागतं, ते सापडलं. आणि एकीकडे त्याच हळदीला घालायची तिची जांभळी चोळी माझ्याकडे शिवायला होती. बाह्या सैल ठेव, वारा लागूदे, असं तीनदा सांगून गेली होती. ती चोळी न घेता मावशी हळदीला गेली असेल? मला हे सुचायला नको होतं? पण सुचलं नाही. खोली गार होती, हे घोरत होते, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. चोवीस अंशांत बसलेल्या माणसाला उकाडा आठवत नाही. कितीही आठवायचा म्हटला तरी नाही आठवत, करून बघा.

शुक्रवारी दुपारी मी तिच्याच चोळीला हूक लावत होते. तीन वाजून गेले असतील. आणि लाइट गेली.

आमच्या एकट्याची नव्हे, सगळ्या इमारतीची. मेमध्ये होतंच असं, एवढे एसी ओढतात म्हटल्यावर. निळे आकडे विझले. घरघर आधी एकाची थांबली, मग सगळ्यांची. ह्यांनी कूस बदलली. मी उठून स्वयंपाकघरात आले आणि वारा यावा म्हणून खिडकी सरकवली. डक्ट इतका शांत झालेला मी महिनाभरात ऐकला नव्हता. वरून कुठेतरी कावळा. खाली पाण्याचा थेंब. आणि मग बारीकसा, लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज.

टक टक.

पहिल्यांदा वाटलं, खाली प्लंबर आला असेल. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. टक टक. दोनच. आवाज समोरून येत होता, पण खिडकीच्या गजावरचा नव्हता. खालून, भिंतीच्या आतून येत होता.

मी किंचाळले की काय कोण जाणे, हे धावत आले. किल्ली सापडेना, डबे उपडे केले, सापडली. खाली उतरून दुसऱ्या विंगचा जिना चढेपर्यंत माझ्या चपला कुठे गेल्या मला कळलं नाही. दार उघडलं आणि आतून जी वाफ अंगावर आली ती मी जन्मात विसरणार नाही. भट्टीचं तोंड उघडल्यासारखी. मावशी तिच्या नेहमीच्या जागी, खिडकीखाली, चटईवर. एका अंगावर कलंडलेली. पळीची दोरी तुटलेली, पळी हातात, आणि तो हात ओट्याखालच्या पाण्याच्या लोखंडी पाइपवर. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धवट उघडे. मी "मावशी, मावशी" करतेय, आणि ती माझ्याकडे न बघता पळी उचलायला बघतेय. पुन्हा वाजवायला. मी समोर आलेय हे तिला कळलंच नाही.

त्याच क्षणी लाइट आली. डक्टमध्ये सगळे आउटडोअर एकापाठोपाठ एक सुरू झाले. आमचाही. त्या बोटभर फटीतून त्याचा झोत माझ्या तोंडावर आला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, बाहेर म्हणजे कुठे.

रविवारी, हळदीच्या दिवशी, हॉस्पिटलातच तिने डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले उष्माघात, या दिवसांत फार येतायत, वयस्क माणसांनी हवेशीर जागेत राहावं. मी विचारलं, किती वेळ अशी पडली असेल? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित एक दिवस, कदाचित जास्त. मला तेवढंच हवं होतं, आकडा. बुधवार की गुरुवार? किती वेळा वाजवलं असेल तिने, आणि मी भिंतीपलीकडे काजं करत बसले होते? तो आकडा कुणाकडेच नाही. म्हणून तो संपत नाही.

नितीन माझ्या पाया पडला हो. बाराव्याला राईच्या त्यांच्या माणसांत मला पुढे बसवलं आणि सगळ्यांना सांगत सुटला, "या ताईंनी दार उघडलं म्हणून आई हॉस्पिटलात तरी गेली. सख्ख्यांनी केलं न्हाय ते यांनी केलं." बायका माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण शब्द आले ते, "अरे, आपलीच होती ती."

ह्यांना एकदाच म्हटलं. म्हणाले, "अगं, डक्टमध्ये सगळ्यांचे आहेत. आपल्या एकट्याने काय होतंय?" खरंच आहे. सगळ्यांचेच आहेत. पण सरळ तिच्या तोंडावर एकच होता, आणि त्याची जागा मी निवडली होती. दळवी भांडतील आणि मावशी भांडणार नाही, या एका कारणासाठी. भांडखोर माणूस वाचला आणि मायेचं माणूस गेलं. माझ्या हातचा हिशेब आहे तो, आणि मला त्याची चीड येते, अजून येते.

तो सगळा उन्हाळा मी एसी लावू दिला नाही. हे ओला पंचा घेऊन तळमळत पडायचे, मी बाहेर बसून राहायचे. पुढच्या एप्रिलमध्ये बीपी पुन्हा चढलं. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. मग मीच रिमोट हातात घेतला. कुणी जबरदस्ती केली नाही. समोरची खोली तेव्हा रिकामी होती, कुलूप होतं, म्हणून बटण दाबता आलं, असं सांगितलं तर बरं दिसेल. पण समोर कुणी असतं तरी मी दाबलं असतं, असं मला वाटतं, आणि मला भीती वाटते ती बटण दाबणाऱ्या त्या बाईची. जांभळी चोळी कपाटात आहे. एक हूक राहिलाय.

आता हे ऑक्टोबरात रिटायर झाले. सवय मोडत नाही, अजून दिवसाच झोपतात. पण एसीच्या गारव्याने गुडघे धरतात म्हणून स्वयंपाकघरातच गादी टाकून, खिडकीखाली. मी त्यांना तिथून हलवायला बघते. "इथे वारा येतो गं जरासा," म्हणतात.

परवा डक्टमध्ये पहिला आउटडोअर लागला त्याच संध्याकाळी बेल वाजली. नितीनने मावशीची खोली भाड्याने दिली आहे, दोन महिने झाले, तिथला मुलगा दारात. गुणी आहे बिचारा. बायकोला सातवा महिना, तिला उकडतं, झोप नाही, पाय सुजतात. हे सगळं सांगून म्हणाला, "काकू, उद्या आमचा एसी लागतोय. एक टनाचा घेतला. आउटडोअर कुठे लावायचा ते मेकॅनिक विचारत होता. दळवीकाकांकडे तोंड केलं तर ते कटकट करतील, तुम्हाला माहितीये. म्हणून मग म्हटलं, तुमच्या खिडकीसमोर लावू. चालेल ना?" आणि हसला. "विचारायचं तसं काही नाही म्हणा. तुम्ही घरच्यासारख्याच."

आतून ह्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. काय सांगणार होते? सात महिन्यांच्या गरोदर बाईला गारवा नको, असं? मी कोण सांगणारी?

"लाव," म्हटलं.

तो वळला, तेव्हा "थांब रे जरा" म्हणून मी आत गेले. आमच्या घराची दुसरी किल्ली खिळ्यावरून काढली. मावशीकडे असायची तीच. आणून त्याच्या हातात ठेवली.

"ही कशाला काकू?"

"असू दे तुझ्याकडे. आणि दुपारी लाइट गेली ना, की जरा खिडकी उघडून ऐकत जा."